अंड्यांचा ट्रे आणि तुझे शॉकअप

इनास,

तुझ्या मयतीला दहा हजार माणसं होती. सांडोरच्या तुमच्या देवळात, आम्ही ज्याला चर्च म्हणतो तिथं, तुझी शवपेटी पोचली तेव्हा रांगेचं शेपूट अजून वसई स्टेशनाबाहेर चहा पीत होतं. फुलांच्या एवढ्या गाड्या आल्या की भाजीवाल्यांनी दोन दिवस गवारीऐवजी शेवंती विकली.

आता तू असतास तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला असतास, "दत्तू, अर्धे." मी म्हणालो असतो, "बरं, पाच हजार." तू पुन्हा म्हणाला असतास, "अर्धे." अशी घासाघीस करत आपण दोन-तीनशेपाशी येऊन थांबलो असतो, म्हणजे खऱ्याच्या जवळपास. मग दोघंही खूश. मी सांगितल्यामुळे, तू कापल्यामुळे.

महिना झाला, कोणी कापत नाही. परवा मनवेलपाड्याच्या आमच्या सोसायटीतल्या बाकड्यावर बसून मी सांगितलं, घाटात ब्रेक गेलेली बस मी नुसत्या हॉर्नच्या जोरावर थांबवली होती. पूर्वी हे तुझ्यासमोर सांगितलं तेव्हा तू विचारलं होतंस, "हॉर्न पुढच्या चाकाला लावला होता की मागच्या?" परवा समोरचा पोरगा म्हणाला, "हो का काका? भारी." आणि मोबाईल बघायला लागला. अख्खी थाप तशीच्या तशी घेऊन मला तीन मजले चढावे लागले. थापेला वजन असतं, हे मला तू गेल्यावर कळलं. फार थकायला झालंय रे.

आपली भेट आठवते? फुलपाड्यात. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा क्रेन येते, अग्निशमन दल येतं, एकदा तर मी हेलिकॉप्टरसुद्धा आणलं होतं. खरं म्हणजे मी होतो, दोन रिक्षावाले होते आणि एक केळीवाली होती. नव्यानं घातलेल्या स्पीडब्रेकरवर तुझी गाडी पोटावर टेकली होती. पुढची चाकं हवेत, मागची टेकल्यासारखी, आणि मधल्यामध्ये ती लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, पाठीला इंजिन बांधलेली जपानी गाडी डुलत होती. मुंबईतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं ती तुला विकली, कारण त्याचे गुडघे तिच्यात शिरण्याइतके वाकेनात. तू आत शांत बसला होतास. मला बघून काच खाली केलीस आणि म्हणालास, "साहेब, जरा बॉनेटवर बसता का?"

अनोळखी माणसाला बॉनेटवर बसवून ओळख करून घेणारा तू पहिलाच. मी बसलो, चाकं टेकली, रिक्षावाल्यांनी ढकललं, गाडी सुटली. मी घाम पुसला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मनापासून म्हणालो, "गाडी झकास आहे. फक्त अजून दोन इंच खाली बसायला पाहिजे."

तू चष्मा कपाळावर ढकललास. "आत्ता तुम्ही बॉनेटवर कशासाठी बसला होतात?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं, इनास. आणि ते संपायच्या आधी तू उठून गेलास. असं कोणी करतं का?

मी बस चालवून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर एवढ्या उंचावर बसलो की म्हातारपणी जमिनीला टेकून जाणारी गाडी दिसली आणि माझा जीव तिच्यावर जडला. तू आखातात एका कंपनीचं गोदाम सांभाळून परत आलेला. तुझ्या डोक्यातसुद्धा फडताळं होती. कुठलं सामान आधी बाहेर काढायचं, कुठलं नंतर, हे ठरल्याशिवाय तू पाणीही प्यायचा नाहीस. माझं म्हणणं सरळ होतं. स्पोर्ट्स कार आहे ना? मग पहिल्यांदा आखूड, कडक स्प्रिंग घालायच्या. उभी असली तरी पळतेय असं वाटलं पाहिजे. तुझं म्हणणं होतं, "आधी सैल झालंय ते घट्ट करायचं. मग थकलंय ते बदलायचं. हौस सगळ्यात शेवटी."

आणि त्यात मोनिकाची अट.

तुझी बायको त्या गाडीत एकदाच बसली. घरापासून देवळापर्यंत जायचं होतं, रविवारच्या मिस्साला. तिच्या कमरेतली चकती तेव्हा नुकतीच सरकली होती. तिसऱ्या गतिरोधकावर ती "थांबवा" म्हणाली, दार उघडून उतरली, चपला हातात घेतल्या आणि केळीच्या वाडीतून चालत घरी गेली. मी सांगताना ती पोहत गेली असं सांगतो, पण ते जाऊ दे. संध्याकाळी तिनं तुझ्यासमोर अंड्यांचा अख्खा ट्रे ठेवला.

"माझी कंबर आणि ही अंडी सारखीच. आधी ही देवळापर्यंत फिरवून आणा. एकही न फुटता आली, की मी बसेन. तोपर्यंत मला विचारायचं नाही."

दुसरा नवरा हसला असता. तू ट्रे उचललास, सीटवर ठेवलास आणि त्याला पट्टा बांधलास. दोनच सीटांची गाडी, त्यामुळे पंच म्हणून मला स्कूटरवरून मागे यावं लागलं. परत आलो तेव्हा सीटवर अंडी नव्हतीच, रस्सा होता. मोनिकानं तो पातेल्यात ओतून घेतला, टरफलं वेचली, कांदा-मिरची घातली आणि आपण तिघांनी पावाबरोबर भुर्जी खाल्ली. शेजारच्या दोन घरांनाही वाटी गेली. खाता खाता तू म्हणालास, "चला, आता कळलं कुठं आहोत ते."

मग तुझी पद्धत पडली. घर आखातातल्या साठवणीच्या व्याजावर चालायचं, गाडीला मिळायचं ते वाडीतल्या केळीतून आणि पडवळातून. म्हणून एका हंगामाला गाडीचं एकच काम, आणि प्रत्येक कामानंतर अंड्यांची एक फेरी. फुटलेल्याची भुर्जी.

पहिल्या हंगामाला मी स्प्रिंगांसाठी किती बोललो! तू टायर घेतलेस. मी म्हटलं, "अरे, नक्षी शाबूत आहे, चांगले टायर फेकतोस?" तू माझा अंगठा धरून टायरवर दाबलास. "नख रुततंय का बघ." नाही रुतलं. इतकी वर्षं उभं राहून रबराचा दगड झाला होता. "ह्याच्यावर तुझ्या कडक स्प्रिंग घातल्या तर काय होईल? दगडावर दगड." नवे टायर आले, थोडे जाड अंगाचे. त्या फेरीत निम्मी अंडी वाचली.

पुढच्या हंगामाला बुश. जयवंत मिस्त्रीनं गाडी वर उचलली आणि खालचे आर्म काढले. त्यांच्या टोकांतलं रबर शिळ्या केकसारखं हातात आलं. तरी मी म्हणालो, "इनास, पैसा लावायचा तर दिसेल तिथं लाव. बुश कोणाला दिसणार?"

"मोनिकाच्या कमरेला."

"आणि शॉकअप? निदान धक्के खाणारे ते शॉकअप तरी आधी घे."

"सैल बुशावर नवीन शॉकअप म्हणजे दात पडलेल्याला ऊस. चावायचा कशानं?"

मिस्त्री मिठागराकडच्या गावचा. तो हात पुसत म्हणाला, "तुमी दोगं भांडून घ्या. मी जरा पानी पिऊन येतो." तो पाणी पिऊन, जेवून, झोप काढून आला तरी आपण तिथंच होतो. बुशबरोबर बॉल जॉइंट बदलले, चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. स्टिअरिंग सोडलं की डावीकडच्या गटाराकडे ओढ घ्यायची तिची जुनी खोड गेली. त्या फेरीत किती फुटली आठवतंय? मी गावभर सांगितलं, एकही नाही. फुटलं होतं एक.

गाडी सुधारत गेली तसा माझा नाश्ता आटत गेला, हेही तुला एकदा सांगायचं होतं. पहिल्या वर्षी पातेलंभर भुर्जी, मग कढईभर, आणि त्या दिवशी तिघांत एक अंडं. पाव मात्र तेवढेच.

त्या एका अंड्यावरून आपण देवळाच्या फाटकाशी उभं राहून बोललो ते मी अजून घोळवतोय. मी म्हणालो होतो, "समोर दुकान आहे. एक अंडं घेतो, ट्रेमध्ये ठेवतो. मोनिकाला काय कळतंय? उद्यापासून बसेल." मला खरंच ती योजना आवडली होती. माझ्या सगळ्या थापांमध्ये इतकी स्वस्त, इतकी सोयीची थाप दुसरी नव्हती. तू हसशील असं वाटलं. तू हसला नाहीस. ट्रेचा पट्टा पुन्हा आवळलास आणि म्हणालास, "कंबर आहे तिची, दत्तू. दुकानात मिळत नाही."

बास, एवढंच. मग आपण तिघांनी त्या एका अंड्याची भुर्जी खाल्ली आणि तू शॉकअप मागवायचं ठरवलंस. चारही, एकदम, मऊ चालीचे. मी म्हणालो, "दोन आत्ता घे, दोन पुढच्या हंगामाला, उरलेल्यात स्प्रिंगा बसतील." तू म्हणालास, "पुढचे नवे आणि मागचे थकलेले, मग मोनिकानं कमरेचा कुठला भाग आधी बरा करून घ्यायचा?" त्याला माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं उत्तर होतं, पण मी ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं. आता ते घेऊन बसलोय. कोणाला देऊ?

शॉकअप आले. लांब लांब चार खोकी. घरातली कोरडी जागा म्हणून तू ती देव्हाऱ्याखाली, तुमच्या आल्ताराखाली, उभी करून ठेवलीस. पुढचं तुला माहीत आहे. मला अजून नीटसं माहीत नाही.

पण एक तुला माहीत नाही ते सांगतो, आणि हे कापू नकोस, कारण हे अख्खं खरं आहे. तुला घरात ठेवलं होतं तेव्हा तुझ्या उशाकडे ती खोकी होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, देवळातल्या मोठ्या मेणबत्त्यांची खोकी असावीत. कोणी त्यांवर हार ठेवला, कोणी हात टेकवून कपाळाला लावला. मोनिकाच्या रेमेतमावशी जपमाळ चालू असताना उठल्या. समोरची मेणबत्ती संपत आली होती. त्यांनी एक खोकं उघडलं, आत हात घातला, आणि तेलकट कागदात गुंडाळलेला शॉकअप बाहेर काढला. दोन्ही हातांत धरून त्या उभ्या. वात शोधतायत. सगळी खोली "नमो मरिये" म्हणता म्हणता थांबली.

"ह्याला पेटवायचं कुठनं?" मावशींनी विचारलं.

मोनिका हसली, इनास. आदल्या दिवसापासून ती भिंतीकडे बघत बसली होती, पाणी देऊ केलं तर हातानं नको म्हणत होती. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की बायका तिला धरायला धावल्या, त्यांना वाटलं रडतेय. मग ती रडलीही. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "दत्ताभाऊ, हे बसवून घ्या. महिन्याच्या मिस्साला मी ह्यांच्या गाडीतनं जाणार."

मी म्हटलं, "नक्की."

"पण अट तीच."

मी गाडी जयवंतकडे नेली. तू नसताना त्या गॅरेजात उभं राहणं म्हणजे, मला उपमा सुचत नाहीये. मला! एवढी शांतता होती की मिस्त्रीच जरा कावराबावरा झाला. जुने शॉकअप काढले, दांडा दाबला तर खाली गेला तो वर यायचं नाव घेईना. दमलेला. मी तो पुसून बाजूला ठेवला. नवे बसले. मिस्त्री नट आवळता आवळता हळूच म्हणाला, "काका, ते स्प्रिंगांचं काय ते पन करून टाकू का? आता नाय बोलनारं कोन हाय?"

बघ, किती सोपं होतं. इतक्या वर्षांची माझी हौस, आणि मैदान मोकळं. मी म्हटलं, "राहू दे." तू बरोबर होतास म्हणून नाही हं. तसला समज करून घेऊ नकोस, तिकडे बसून फुगशील. समोर कोणी नसताना जिंकायला अंगात जोर लागतो, आणि तो माझ्यात उरलेला नाही, एवढंच.

आज सकाळी तुझा महिन्याचा मिस्सा होता. मी लवकर आलो. बेत असा की आधी एकट्यानं अंडी फिरवून आणायची, मग मोनिकाला न्यायचं. फुटलीच तर काय करायचं, तेही मी ठरवलं होतं. खोटं कशाला बोलू, देवळासमोरचं दुकान किती वाजता उघडतं ते मी आदल्या दिवशी विचारून आलो होतो. तू मारशील मला. मार.

मी ट्रे सीटवर ठेवला, पट्टा ओढला, एवढ्यात मोनिका बाहेर आली. काळी साडी, हातात जपमाळ, पायात त्याच चपला. तिनं पट्टा सोडला, ट्रे उचलला आणि आत बसायला लागली.

"अहो वहिनी, आधी अंडी. मग तुम्ही."

"सीट एकच आहे. मिस्साची वेळ झालीये." बसताना तिनं कमरेला हात लावला. ट्रे मांडीवर घेतला. "द्या दार लावून. जे काय व्हायचं ते आमचं एकदमच होईल."

मी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नव्हती. मागून एक म्हातारा सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला आणि पुढे जाऊन आमच्याकडे कीव आल्यासारखं बघत होता. हेही खरं आहे, कापू नकोस. पहिला गतिरोधक आला. गाडी वर गेली, खाली आली आणि तिथंच थांबली, पूर्वीसारखी मागाहून तीनदा नाचली नाही. दुसराही तसाच. मी ट्रेकडे बघत होतो, मोनिका समोर बघत होती. तिसऱ्यापाशी ती म्हणाली, "इथं उतरले होते मी." मी गाडी जवळजवळ थांबवून चाकं चढवली, उतरवली. माणूस झोपेत कूस बदलतो तेवढंच झालं. मग ती तुमच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलली. माझ्याशी नाही. डॅशबोर्डाशी असेल, किंवा तुझ्याशी. ती बोली मला अर्धीच कळते. कळलं तेवढ्यात "उशीर" होतं आणि तुझं नाव होतं.

मग थोड्या वेळानं मराठीत विचारलं, "आता गाडीचं काय राहिलंय?"

"स्प्रिंगा," मी म्हटलं. माझ्या तोंडातून आपोआप गेलं.

"त्यानं काय होतं?"

"गाडी अजून दोन इंच खाली बसते."

"आणि मग हे असं बसता येतं?"

मी गिअर बदलला. ती म्हणाली, "म्हणजे हेच बरोबर होते." आता ती तुझी बायको, तिचा निकाल मी मानणार नाही. पंच बाहेरचा लागतो.

सगळे गतिरोधक मागे पडले. देवळाचं टोक दिसायला लागलं. ट्रेमधली अंडी जशीच्या तशी. तू असतास तर आतापर्यंत चष्मा तीनदा पुसला असतास. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पुढं रस्ता गुळगुळीत आहे, नवीन डांबर, एक खडासुद्धा नाही. आणि तिथंच तो दफनभूमीच्या भिंतीला लागून वळतो. मी हे कसं विसरलो? भिंत तिथं बुटकी आहे. बसल्या जागेवरून आतलं सगळं दिसतं. तुझी माती अजून बसलेली नाही, उंच आहे, वरची शेवंती सुकून तपकिरी झालीये.

एक बारीक आवाज झाला.

मी ब्रेक लावला. मोनिकाची मूठ ट्रेवर मिटली होती, बोटांमधून पिवळं खाली उतरत होतं, साडीवर, ट्रेवर. ती अजून भिंतीकडेच बघत होती. मी रुमाल दिला. तिनं एकेक बोट पुसलं. मग ट्रेकडे बघितलं.

"हे धरायचं का?"

"गाडीनं नाही फोडलं ते, वहिनी."

"मला माहीत आहे. ह्यांनी धरलं असतं का?"

'नसतं धरलं' हे मी कोणालाही पटवू शकलो असतो, इनास. खांबाला पटवलं असतं. त्या वेळी दुकानही उघडं होतं, मला दिसत होतं. मी म्हणालो, "धरलं असतं."

तिनं मान हलवली. रुमालाची घडी करून माझ्या हातात दिली. "मग परत एकदा यायला लागेल. पुढच्या रविवारी या लवकर."

मिस्साच्या आधी दारात फादर भेटले. ट्रे बघून त्यांना वाटलं अर्पणाला आणलीत, म्हणाले, पुढे वेदीकडे ठेवा. मोनिका म्हणाली, "नाही फादर, ही गाडीची आहेत." फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना काहीही सांगितलं नाही. ह्यावरून ओळख मी किती थकलोय ते.

घरी आल्यावर तिनं चहा केला. फुटलेलं एकुलतं एक अंडं रुमालात गेलेलं, त्यामुळे भुर्जी नव्हती. चहात पाव बुडवून खाल्ला. मी ते राखून ठेवलेलं उत्तर, पुढच्या दोन आणि मागच्या दोन शॉकअपचं, तिला सांगून बघितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "दत्ताभाऊ, अर्धं."

रुमाल अजून माझ्या खिशात आहे, वास मारायला लागलाय. एक फुटलं, इनास. एकच. ह्याच्यातलं काही कापू नकोस.

तुझा,
दत्तू